ज्वालामुखी, हनुवटी जरा वर

हे कुणी खरं मानणार नाही, हे मला ठाऊक आहे. आजवर कुणी मानलेलं नाही. तरी सांगतो. मी एका ज्वालामुखीला लाजताना पाहिलं आहे. नुसतं पाहिलं नाही, तो लाजला त्याच क्षणी मी बटण दाबलं, आणि तो फोटो आमच्या स्टुडिओत काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावलेला आहे. पासपोर्टच्या फोटोसाठी माणूस खुर्चीत बसला की त्याची नजर आपोआप तिकडे जाते, मान किंचित वळते, चेहऱ्यावरचा ताण उतरतो आणि फोटो चांगला येतो. त्या डोंगराने आमच्या घराला असं बसल्या जागी पोसलं आहे.

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेजारचा घड्याळजी नेहमीसारखा आपलं स्टूल घेऊन येऊन बसला होता. आमची नात त्याला मिनिटकाका म्हणते, कारण कुणी बोलायला लागलं की तो ‘एक मिनिट’ म्हणत मधे पडतो. त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं मागे का पडतात, ते मला त्यावरूनच कळलं. नात सुट्टीला आली होती आणि काउंटरवर चढून पाय हलवत बसली होती. तिथे बसायला मी तिच्या आईलाही कधी दिलं नव्हतं, पण नातवंडांपुढे दुकानाचे नियम टिकत नाहीत. आणि आमची ही कोपऱ्यातल्या खुर्चीत एक जुनं राखी कांबळं मांडीवर घेऊन रफू करत होती. ते कांबळं आता कांबळं कमी आणि रफूच जास्त आहे, तरी टाकू देत नाही.

“आजोबा,” नात म्हणाली, “पुढच्या आठवड्यात आम्ही मैत्रिणी या डोंगरावर जाणार आहोत. तुम्ही हा फोटो नेमका कुठे उभं राहून काढलात ते सांगा ना. मला तिथूनच काढायचाय.”

“नुसती जागा सांगून भागत नाही,” मी म्हणालो. “त्याच्याशी बोलावं लागतं.”

“झालं सुरू,” घड्याळजी म्हणाला, आणि स्टूल पुढे ओढलं.

तर, तेव्हा हा स्टुडिओ माझा नव्हता. माझ्या सासऱ्यांचा होता, आणि ते अजून माझे सासरे झालेले नव्हते. मी डार्करूममध्ये कामाला होतो. लाल दिव्यात उभं राहून लोकांचे चेहरे पाण्यातून बाहेर काढायचे, एवढंच माझं काम. फोटो काढायचे ते मालक. त्यांचा नियम एकच: गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय फोटो काढायचा नाही. हनुवटी जरा वर. खांदे सैल. आता घरातल्या एखाद्या आवडत्या माणसाची आठवण काढा. समोर वकील असो, पहिलवान असो, हीच वाक्यं आणि याच क्रमाने. तान्ह्या मुलाशी बोलून उपयोग नसतो, तर त्याच्यासाठी एक लाकडी खुळखुळा होता. तो कॅमेऱ्याशेजारी वाजवला की मूल इकडे बघायचं. कधी कधी वकीलही बघायचे.

आणि मागच्या लहान खोलीत, खालून उजेड येणाऱ्या काचेवर वाकून, मालकांची मुलगी रिटचिंग करायची. एका डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल. निगेटिव्हवरचे मुरुमांचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची जागरणं ती अशी बुजवायची, की माणसाला आपल्याच फोटोबद्दल आदर वाटावा. गावातल्या सगळ्यांची वयं तिच्या हातात होती. माझा जीव त्या खोलीत अडकला होता, आणि मालकांना ते कळलं होतं, कारण धुतलेल्या निगेटिव्ह मी एकगठ्ठा न देता एकेक करून तिच्याकडे नेऊन द्यायचो.

“एकेक?” नातीने आजीकडे पाहिलं.

“एका दुपारी तर एकच निगेटिव्ह दोनदा आणली होती,” ही रफूवरून मान वर न करता म्हणाली.

त्यातच औषधाच्या दुकानवाल्यांच्या मुलाकडून तिला मागणी आली. मुलगा चांगला होता, हीच मोठी पंचाईत. दारू नाही, पत्ते नाहीत, वर औषधांवर सूट. मला त्याच्यात दोष शोधायला बरेच दिवस लागले, आणि सापडला तो एवढाच की त्याचे कान जरा मोठे होते. तेही हिने त्याच्या फोटोत लहान करून टाकले.

त्याच सुमाराला छापखानेवाल्याला नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी ज्वालामुखीचा फोटो हवा होता. मालकांना स्वतः जाणं शक्य नव्हतं. त्यांना वाऱ्याचा राग होता. स्टुडिओबाहेरचा उजेड आपल्या मालकीचा नसतो आणि परक्या उजेडात काम करणं बरं नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मला बोलावलं.

“तू जा,” ते म्हणाले. “फोटो कॅलेंडरवर छापण्याजोगा निघाला, तर तुझ्या गोष्टीचा विचार करीन. नाही निघाला, तर औषधवाल्यांना होकार देऊन येतो.”

“कुठली गोष्ट, मालक?” मी साळसूदपणे विचारलं.

“निगेटिव्ह एकेक करून नेतोस ती.”

मी लगेच निघालो. कॅमेरा खोक्यात आणि खोकं कांबळ्यात. हेच ते कांबळं. त्याची एक बाजू इस्त्रीने जळली होती आणि मालकांच्या मुलीने तिथे रफू केलं होतं. निघताना तिनेच ते खोक्याभोवती गुंडाळून गाठ मारली आणि म्हणाली, “कांबळं परत आणा.” कॅमेऱ्याचं नाव नाही, माझं तर नाहीच. बसमध्ये मी त्या तीन शब्दांचे पुष्कळ अर्थ लावले. घाट संपेपर्यंत पुरले.

“तिरकं रफू होतं ते,” ही मधेच म्हणाली. “तेव्हा मला सरळ जमत नव्हतं.”

“बरं, तिरकं. गोष्ट सरळ चाललीये ना?”

“चालू द्या.”

डोंगराच्या पायथ्याशी एक लॉज होतं. मला मिळालेल्या खोलीत लोखंडी खाट, खिडकीशी टेबल, मोरीत बादली, आणि उरलेल्या जागेत डास. लॉजवाली बाई उंच, खणखणीत आवाजाची. तिने मला डासांची कॉइल आणून दिली आणि बजावलं, “खाटेखाली ठेवू नका. मागच्या पाहुण्याने गादी जाळली.”

“डोंगर कुठून चांगला दिसतो?” मी विचारलं.

“दिसला तर कुठूनही दिसतो,” ती म्हणाली. “पण तो दिसायलाच तयार नसतो. आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटायचं, घराच्या मागे मोकळं मैदान आहे म्हणून.”

दुसरा कुणी असता तर खचला असता. मी सकाळीच स्टँड लावला आणि काळं फडकं डोक्यावर घेतलं. डोंगर समोर होता, पण नुकती आंघोळ करून आल्यासारखा डोक्याला ढगाचा टॉवेल गुंडाळून. म्हटलं, केस वाळू देत. थोड्या वेळाने टॉवेल सुटला. खाली करपलेली काळी खडी, तिच्यावर गंजासारखे तांबडे पट्टे, वर तोंडापाशी गंधकाचे पिवळे ओघळ. कोवळ्या उजेडात ते सगळं गुलाबी झालं. मी फिल्म सरकवली, मान वर केली, तर गुलाबी गायब. महाराज राखाडी होऊन बसलेले. राखाडीचं माप घेतलं तोवर जांभळे झाले. एक ढग आला, त्याची सावली खांद्यावरून घसरत खाली गेली, आणि मी बटण दाबेपर्यंत अर्धा डोंगर उन्हात आणि अर्धा उधारीवर. उजेड बदलतो हे आम्हा स्टुडिओवाल्यांनी ऐकलेलं असतं. पण आमच्याकडे उजेडाला बटण असतं. तो कुणाला न विचारता बदलतो, हे मला नवीन होतं.

दुपारी तर त्याचा पासपोर्टचा फोटो झाला. ऊन डोक्यावर, चेहऱ्याला नाक नाही, डोळे नाहीत, आणि भाव असा की याला कुठल्याच देशाने आत घेऊ नये.

“एक मिनिट,” घड्याळजी म्हणाला. “त्या बाकीच्या फिल्मचं काय झालं? त्या कधी दाखवल्या नाहीस.”

“धुतल्यावर काळ्या ठिक्कर निघाल्या. त्या डोंगराचा उजेड फार कडक, फिल्म खाऊन टाकतो.”

“सगळ्या?”

“भुकेला असेल.”

नात हसली, आणि मला जोर आला. ही मात्र हसली नाही. तिने सुईत नवा दोरा ओवला.

करता करता शेवटची फिल्म उरली. मी दगडावर बसलो. डोळ्यांपुढे औषधाचं दुकान दिसायला लागलं, आणि काउंटरवर पुड्या बांधत बसलेली ती. हातात भिंग नाही, पेन्सिल नाही, गावभर लोक सुरकुत्यांसकट हिंडताहेत. आणि तेव्हा एकदम लक्षात आलं की मी सकाळपासून या गिऱ्हाइकाशी एक शब्द बोललेलो नाही. नुसता डोळा लावून बसलोय. मालक असते तर कानाखाली वाजवली असती.

मग मी रीतसर कामाला लागलो. ऊन कलायला लागलं होतं. उजवीकडून तिरपा उजेड पडला होता आणि त्याचा डावा गाल काळोखात चालला होता. स्टुडिओत अशा वेळी आपण समोरून पांढरा कपडा धरतो, म्हणजे उजेड उलटून सावलीच्या बाजूला जातो. मी लॉजवालीकडे चादरी मागितल्या.

“किती?” तिने विचारलं.

“असतील तेवढ्या.”

समोरच्या टेकडीवर आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरी वाळत घातल्या. ऊन त्यांच्यावर आपटलं आणि डोंगराच्या डाव्या गालावर असं अलगद जाऊन बसलं, की एका म्हाताऱ्या गुराख्याने आपल्या गाईंना सकाळ झाली समजून पुन्हा चरायला सोडलं.

“एक मिनिट. एका लॉजमध्ये एवढ्या चादरी?”

“धुण्याचा दिवस होता रे.”

“बरं बरं.”

आता बोलायचं कसं, हा प्रश्न. वयाने मोठ्या गिऱ्हाइकाला अहो-जाहो करायचं ही मालकांची शिकवण, आणि डोंगर माझ्यापेक्षा मोठा होता यात वाद नव्हता. मी घसा साफ केला. म्हटलं, “साहेब, हनुवटी जरा वर घेता का?”

काही नाही. वाटलं, कानाने कमी असतील. जरा मोठ्याने म्हटलं. तेव्हा पायाखाली गुरगुर झाली, स्टँडचे पाय थरथरले, आणि पायथ्याची ती सोंड, फोटोत बघा, ही खाली पुढे आलेली, ती हळूच वर उचलली गेली. अगदी हवी तेवढी. जास्त नाही, कमी नाही. इतकं समजूतदार गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

“शाब्बास,” मी म्हणालो. “आता खांदे सैल.”

दोन्ही बाजूंनी खडी घरंगळत खाली आली. वर्षानुवर्षं आखडून धरलेले असणार बिचाऱ्याने. लॉजवाली दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, “काय बोललात त्याला? आमचं कधी ऐकत नाही.”

मग मी शेवटचं वाक्य म्हणालो. “आता घरातल्या एखाद्या आवडत्या माणसाची आठवण काढा.”

आणि साहेब गप्प. गुरगुर थांबली, वारा पडला. मला वाटलं, चुकलं आपलं. याला घर कुठलं, माणूस कुठलं. एवढा उंच की शेजारी कुणी नाही. पण लांब, पार क्षितिजापाशी, एक लहानसा डोंगर होता, निळा, नाजूक. मी पाहिलं, तर साहेबांची नजर तिकडेच. आणि पायथ्यापासून वर, हळूहळू, सगळा डोंगर तांबडा व्हायला लागला.

“तो सूर्यास्त असेल, आजोबा.”

“सूर्यास्त वरून खाली उतरतो. लाज खालून वर चढते. मी इतक्या नवरदेवांचे फोटो काढलेत, मला फरक कळतो.”

“एक मिनिट,” घड्याळजी म्हणाला. “फोटो काळापांढरा आहे. तांबडा झाला हे कशावरून?”

“हा जो काळा दिसतोय ना, तो तांबडाच. नीट बघ.”

घड्याळजी उठून नीट बघून आला. पुन्हा स्टुलावर बसला.

आता एकच अडचण होती. साहेब लाजले ते ठीक, पण बघत होते भलतीकडे. मी खिशातून खुळखुळा काढला. मालकांच्या नकळत बरोबर घेतला होता. कॅमेऱ्याशेजारी हात उंच करून वाजवला. डोंगर वळला, कॅमेऱ्यात बघितलं, तोंडातून एक धुराची रेघ सोडली, धाग्यासारखी सरळ, आणि मी बटण दाबलं. त्याच क्षणी एक ठिणगी उडाली ती थेट कांबळ्यावर. तिचंच ते भोक. आता हिच्या मांडीवर आहे ते. पुराव्यासाठी म्हणून मी ते इतकी वर्षं बुजवू दिलं नव्हतं, पण हिने आज ऐकलं नाही.

परत आलो ते थेट डार्करूममध्ये. निगेटिव्ह वाळली तेव्हा मालक पायात चपला घालून तयार होते. छापखान्यात किंवा औषधाच्या दुकानात, दोन्हींपैकी एकीकडे त्यांना जायचंच होतं. या वेळी एकच निगेटिव्ह होती, त्यामुळे एकेक करून नेण्याचा प्रश्न नव्हता. मी ती तिच्या काचेवर ठेवली आणि कांबळं घडी करून शेजारी ठेवलं.

तिने भिंग लावलं. पाहत राहिली. मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलं, कांबळ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंग लावलं. मी पुष्कळ संकटांतून गेलो आहे, पण समोर ज्वालामुखी असतानाही मी असा दाराकडे सरकलो नव्हतो.

“काय झालं?” मालकांनी तिच्या पाठीमागून विचारलं.

“काही नाही, बाबा. गालावर एक व्रण आहे. काढून टाकते.”

“वेळ लागेल?”

“लागेल थोडा.”

मालकांनी चपला काढल्या नाहीत, पण बसले. ती सगळी दुपार वाकून काम करत होती. मधे मधे पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज यायचा, तेवढाच. गंधकाचा ओघळ असेल, तो साफ करत असेल, असं मी मालकांना सांगितलं. मग तिने निगेटिव्ह दिली, मी प्रिंट काढली, आणि मालक ती ओलीच हातात घेऊन दाराच्या उजेडात गेले.

“याच्याशी बोलला होतास?” त्यांनी विचारलं.

“हो, मालक. हनुवटी वर म्हणालो.”

“दिसतंय,” ते म्हणाले, आणि छापखान्याच्या दिशेने चालू लागले. घराघरांत ते कॅलेंडर लागलं. आमच्या लग्नात औषधवाल्यांच्या मुलाने सगळ्यांच्या पुढे बसून जेवण केलं, आणि त्याचे कान खरंच मोठे होते.

“म्हणजे आजोबा,” नात काउंटरवरून खाली उतरली, “त्या लॉजपासून चालत गेलं की ती हनुवटीसारखी सोंड दिसेल ना? तिथे पोचून मी तुम्हाला फोन करते.”

“अगदी लॉजच्या मागच्या बाजूने,” मी म्हणालो. “कुणालाही विचार. आणि खुळखुळा घेऊन जा.”

आमच्या हिने दोरा दाताने तोडला. उठली, कांबळं दोन्ही हातांनी उलगडलं आणि भिंतीवरच्या फोटोशेजारी उंच धरलं.

“ही पोर तिथे उन्हात सोंड शोधत हिंडेल, म्हणून सांगते,” ती म्हणाली. “हे सगळं खोटं आहे. यांना तो डोंगर दिसलाच नाही. बाकीच्या फिल्मवर नुसता ढग आला होता, मी पाहिल्या होत्या. मग यांनी खोलीत टेबलावर बादली उपडी घातली, तिच्यावर हे कांबळं टाकलं आणि वर डासांची कॉइल खोचली. ठिणगीने कधी इतकं गोल भोक पडतं का?”

“पण आजी, तुला कसं कळलं?”

“भिंग लावल्या लावल्या. डोंगराच्या उतारावर माझं तिरकं रफू होतं.”

मी तोंड उघडलं. घड्याळजी माझ्याकडे बोट करून म्हणाला, “एक मिनिट. वहिनी, मग तेव्हाच का नाही बोललात?”

“कशी बोलू? बाबा चपला घालून पाठीशी उभे,” ही म्हणाली, आणि कांबळ्याची घडी घालायला लागली. “मी पेन्सिलीला टोक केलं. रफू खोडलं, शिवण खोडली, कडेची कापडाची पट्टी खोडली. एवढं करून ती हनुवटी काही जाईना. ती बादलीची कडी आहे.”